बादलीवाला अन् बुढीची ब्राह्मी

भांडे घासणं, एवढंच आम्ही दोघांनी शेवटलं सोबत केलं. माही बायको, माही बुढी, राखेनं घासून देत होती, मी विसळत होतो. "एवढं पाणी कोणाच्या लग्नाले सांडता?" ती म्हणाली. अंगणातल्या मोरीच्या पाण्यावर तिनं ब्राह्मी लावली होती, बाराही महिने हिरवीगार. त्या बारक्या पांढऱ्या फुलांवर मधमाशा येत. त्याच दुपारी बुढी बसल्या जागी गेली.

सायकलवर प्लास्टिकच्या बादल्या विकणारा एक माणूस वरवट बकाल गावाले जाता जाता रोज माह्या मोरीपाशी थांबे. चप्पल काढून, टोपी हातात घेऊन, देवळात उभं राहावं तसा मधमाशांपुढे उभा राही. त्याचं नाव मी कधी इचारलं नाही.

एक दिवस तो चिडूनच दारात आला. "बाबाजी, ब्राह्मी वाळून राह्यली. भांडे काऊन घासत नाही?"

"एकटा माणूस मी. एक ताट, तेही चाटूनपुसून खातो."

"अन् माशायनं काय उपास धरावा?"

"बादलीभर पाणी ओततो ना बे!"

"बादलीचं पाणी एका दणक्यात नालीत जाते. भांड्याचं हळूहळू मुरते." बादल्या विकणारा मले हे सांगून राह्यला! त्यानं दारातून आत बोट दाखवलं. "फळीवर एवढे भांडे आहेत की."

"ते घासलेले आहेत. तिनंच घासले."

"मंग? घासाले खरकटंच लागते काय?"

पागल माणूस. मी त्याले हाकलून देल्लं. बुढी गेल्यापासून त्या भांड्यायले मी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरून तिचं लख्ख ताट काढलं, राख घेतली अन् मोरीवर घासाले बसलो. पाणी जरा जास्तच सांडलं.