भिवाजी बडेकरांची रीतसर खोली

भिसेगावात घर वाढवायची एक सोपी पद्धत आहे. आधी बांधायचं, आणि कुणी विचारलंच तर "अहो, जुनंच हाय ते" म्हणायचं. आख्ख्या आळीत ही पद्धत एकाच माणसाला मान्य नव्हती. ते म्हणजे आमचे भिवाजी बडेकर.

भिवाजी चौतीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यातली बरीचशी ठाकुरवाडीला, घाटात गेली. घाट उतरणारी गाडी तिथे थांबते, तिचे ब्रेक धड आहेत याची खात्री झाली की मगच पुढे सुटते. ड्रायव्हर ओळखीचा असो, गाडीला उशीर झालेला असो, सिग्नल मिळाल्याशिवाय चाक हलत नाही. असा जन्म काढलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला आणि आजूबाजूला पाहतो तर काय, जो तो सिग्नल न बघताच निघालेला!

निवृत्तीनंतर त्यांनी पालिकेत पहिला अर्ज केला तो कंपाऊंडच्या भिंतीला रंग देण्यासाठी. बांधकाम विभागात रिया मॅडम म्हणून एक तरुण इंजिनीयर नव्याने रुजू झाल्या होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"काका, रंगाला परवानगी लागत नाही."

"लागत नाय ना? मग तसं लिहून द्या."

रिया मॅडम हसल्या, पण त्यांनी लिहून दिलं. जावक क्रमांक, सही, शिक्का, सगळं. भिवाजींनी घरी जाऊन ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी ब्रश हातात घेतला. रंग पिवळा. आळी हसली ती हसलीच.

पुढच्याच वर्षी मुलाचं, किरणचं लग्न झालं. सून श्रद्धा घरात आली, आणि वर्षभरात तिला दिवस गेले. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. वर एक खोली काढायलाच हवी होती. सल्ला द्यायला आळी तयारच होती. "शनिवारी सेंट्रिंग लावा, रविवारी स्लॅब टाका. सोमवारी पालिका उघडंपर्यंत कोन इचारतो?"

"मी इचारतो," भिवाजी म्हणाले, आणि बाजारातल्या आर्किटेक्टकडे गेले.

आर्किटेक्टने कागदांची यादी दिली. त्यात मोजणीचा नकाशा होता. भिवाजींनी मोजणीला अर्ज केला, तारीख मिळाली, आणि त्या दिवशी सकाळी भूमापक यंत्र घेऊन हजर झाले. दोन तास इकडून तिकडे फिरले, मग मोरीत शिरले आणि लाल रंगाने जमिनीवर एक खूण केली. खूण भिंतीच्या बाहेर हवी होती. ती आली मोरीच्या आत, बादलीजवळ.

"तुमची भिंत दीड फूट शेजाऱ्याच्या जागेत आहे," भूमापक म्हणाले.

भिवाजींनी बादली सरकवून खूण पुन्हा पाहिली. हे घर त्यांनी एकोणीसशे चौऱ्याण्णवमध्ये स्वतः उभं राहून बांधलं होतं. पायाची आखणीही स्वतःच दोरी धरून केली होती.

"दोरीचं दुसरं टोक कोन धरलं व्हतं गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मीच. आनि कोन व्हतं इथं?" आनंदीबाई म्हणाल्या.

"मग दीड फूट पलीकडं कशी गेलीस?"

"तिथं हारूनभाईंची कुत्री याली व्हती, पिल्लं घेऊन पडलेली. म्हनून मी जरा बाजूला उभी राह्यले."

"बाजूला म्हंजे अलीकडं ना?"

"अलीकडं चिखल व्हता."

चौतीस वर्षं एकही चूक न केलेला माणूस गेली तीस वर्षं दुसऱ्याच्या जागेत आंघोळ करत होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी स्वच्छ सदरा घालून शेजारी गेले.

शेजारी हारूनभाईंचं घर आणि बाजूला वर्कशॉप. ग्रिल, गेट, शटर, जे म्हणाल ते. हारूनभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. भिवाजींनी नकाशा पुढे धरला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" हारूनभाई म्हणाले. "मला वाटलं, घरात कुनाला काय झालं. ऱ्हाऊ द्या वो. दीड फुटात मी काय विमान उतरवनार हाय?"

"असं चालनार नाय, हारूनभाई. जागा तुमची हाय."

"मग दिली तुमाला. झालं?"

तसं होईना. जागेवर हारूनभाईंसोबत चार भावांची नावं होती. एक महाडला, एक पनवेलला आणि दोघे कुवेतला. दीड फुटाच्या मोरीसाठी कुवेतहून सह्या मागवायच्या! रिया मॅडमनी सांगितलं, नुसत्या संमतीच्या कागदावर नकाशा मंजूर होत नाही, बांधकाम स्वतःच्या हद्दीत पाहिजे.

"मग भिंत पाडतो," भिवाजी म्हणाले.

हे ऐकल्यावर मात्र हारूनभाईंचा चेहरा बदलला. कारण त्यांच्या वर्कशॉपपुढे पत्र्याची पडवी होती, आणि त्या पडवीचे अँगल भिवाजींच्या त्याच भिंतीत ठोकलेले होते.

"तुमची भिंत पडली का माझी पडवी बसली खाली," हारूनभाई म्हणाले. "मशीन कुठं ठेवू? तुमच्या देव्हाऱ्यात?"

भिवाजींनी पडवीकडे वर पाहिलं. आणि नको तो प्रश्न विचारला.

"या पडवीला परवानगी हाय का?"

हारूनभाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वेल्डिंग सुरू केलं. त्यानंतर नऊ दिवस ते भिवाजींशी बोलले नाहीत. भिवाजी समोर आले की ते आपल्या स्कूटरकडे बघून म्हणत, "काय दिवस आलेत!" भिवाजीही मग पिवळ्या भिंतीकडे बघून म्हणत, "नियम तो नियम." बायकांचं मात्र नेहमीसारखं चालू होतं. हारूनभाईंची बायको सफिया भिंतीवरून तांदळाच्या भाकऱ्या द्यायची, आनंदीबाई वालाचं बिरडं द्यायच्या, आणि दोघी मिळून नवऱ्यांना नावं ठेवायच्या.

"माझा माणूस रात्री झोपेत बी रागावतो," सफिया म्हणाली.

"माझा झोपेत अर्ज लिवतो," आनंदीबाई म्हणाल्या.

ते खोटं नव्हतं. दहाव्या दिवशी भिवाजी पालिकेत गेले आणि रिया मॅडमच्या टेबलावर एक अर्ज ठेवला. तात्पुरत्या पत्राशेडला परवानगी मिळावी म्हणून.

"तुम्ही शेड बांधताय?"

"नाय. शेजाऱ्याची हाय."

"त्यांनी पाठवलंय तुम्हाला?"

"ते बोलतच नायत माझ्याशी."

"मग यावर सही कुणाची?"

"ती जागा रिकामी ठेवलीय."

रिया मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या नोकरीत लोक शेजाऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन यायचे, रोज दोन तरी. शेजाऱ्यासाठी अर्ज घेऊन आलेला हा पहिलाच. भिवाजींच्या खोलीसाठी जागा पाहायची होतीच, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी भिसेगावात आल्या. आधी मोरी पाहिली, मग हारूनभाईंच्या दारात गेल्या. सरकारी माणूस दारात पाहून हारूनभाई घाबरले, आणि भिवाजींकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती अजून आमच्या लक्षात आहे.

"तक्रार नाहीये," मॅडम म्हणाल्या. "बडेकरकाकांनी तुमचा अर्ज लिहून आणलाय. पडवी दुसऱ्याच्या भिंतीवर नको, स्वतःच्या खांबांवर उभी करा. तशी तात्पुरत्या शेडची परवानगी देता येईल. सही तेवढी करा."

हारूनभाईंनी अर्ज वाचला. भिवाजींचं अक्षर, ओळीत, समासात. "सदर इसम सचोटीचा असून गेली तीस वर्षे शेजारधर्म पाळीत आहे," असंही एक वाक्य त्यात होतं, ज्याचं शेडच्या परवानगीत काहीच काम नव्हतं. ते वाक्य हारूनभाईंनी दोनदा वाचलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"खांब काय, चार तासांचं काम हाय," ते म्हणाले. "आधी सांगायचं ना, भिवाजीभाऊ."

"सांगनार कुनाला? तुमी स्कूटरशी बोलत व्हता."

पडवीची परवानगी आली आणि हारूनभाईंनी एका दुपारीत लोखंडी खांब उभे केले. मग स्वतःच घण घेऊन आले आणि भिवाजींच्या भिंतीवर पहिला घाव त्यांनीच घातला. नवी भिंत हद्दीच्या आत आली. मोरी एवढी अरुंद झाली की आनंदीबाईंना तिरपं होऊन आत शिरावं लागे, आणि आत गेल्यावर वळायचं असेल तर पुन्हा बाहेर यावं लागे. "माझ्या एका चिखलाची शिक्षा मी भोगते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

खोलीच्या परवानगीचा कागद आला त्याच आठवड्यात श्रद्धाला मुलगी झाली. पाऊस संपल्यावर काम सुरू झालं, आणि मुलगी रांगायला लागली तेव्हा वरची खोली तयार झाली. फरशी, खिडक्या, पंखा, सगळं. भिवाजींनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

"भोगवटा प्रमाणपत्र आल्याबिगर वापर नाय," ते म्हणाले.

तयार खोली वर रिकामी आणि खाली पाच माणसं एकमेकांच्या पायात. किरणने दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबा, मी कंपनीतच झोपतो." श्रद्धाने सासरे बाजारात गेलेले पाहून जिना गाठला आणि वरच्या खोलीपुढच्या गच्चीवर दुपटी वाळत घातली.

नेमक्या त्याच दिवशी रिया मॅडम अंतिम तपासणीला आल्या. भिवाजी बाजारातून धावत आले आणि त्यांना वर दुपटी दिसली. मॅडम काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "मॅडम, वापर सुरू झालाय. माझ्या मागारी झालाय, पन झालाय."

रिया मॅडमनी त्या दुपट्यांकडे पाहिलं. आठ होती, त्यांतल्या दोनांवर बदकं. त्या बराच वेळ गंभीर राहण्याचा प्रयत्न करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काका, ज्यांची दुपटी आहेत त्यांना आणा बरं जरा." श्रद्धाने मुलीला आणलं. भिवाजींनी तपासणीपुरतं कुलूप काढलं, आणि मॅडमनी तिला कडेवर घेऊनच खोली मापली, खिडक्या पाहिल्या आणि नकाशाशी ताडून पाहिल्या. इंचभरही काही इकडेतिकडे नव्हतं. प्रमाणपत्र पुढच्या मंगळवारी मिळालं. ते घेऊन भिवाजी घरापर्यंत चालत आले. रिक्षात बसले नाहीत, कागदाला घडी पडेल म्हणून.

कुलूप उघडायला त्यांनी हारूनभाईंना बोलावलं. हारूनभाईंनी जिन्याला कठडा करून दिला होता, वेलबुट्टीचा. सफियाने शिरखुर्मा आणला, आनंदीबाईंनी उंबरठ्यावर नारळ फोडला, आणि मुलीने आत शिरताच नव्या फरशीवर जे करायचं ते केलं.

आता त्या खोलीत किरण-श्रद्धा राहतात. दुपारी ती रिकामी असते तेव्हा भिवाजी खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची आळीकडे तोंड करून ठेवली होती. वरून सगळ्या भिसेगावातल्या गच्च्या दिसतात, वाढीव मजले, पुढे काढलेली छपरं, रस्त्यात उतरलेले जिने. तासाभरात भिवाजी घामाघूम झाले आणि वहीपेन मागू लागले. आनंदीबाई वर आल्या. त्यांनी नवऱ्याला उठवलं, खुर्ची उचलली आणि तिचं तोंड ढाकच्या डोंगराकडे करून ठेवली.

"हिकडं बघा," त्या म्हणाल्या. "त्यो जुनाच हाय."