पारा चुलीत नोका टाकू

आमच्या गावात कंपनी आली तवा माहं लग्न व्हायचं होतं, म्हनून मले कोनी इचारलं नाई. तसं गावातल्याईले बी कोनी इचारलं नाई म्हना. कारंजाहून हायवेनं निंगालं का ढाब्यांच्या मांगं एक उंच चिमनी दिसते, लाल-पांढऱ्या पट्ट्याची, तेच ते. कंपनीचं नाव लंबं हाय पन आमी भट्टीच म्हनतो. दवाखान्याचा कचरा, कारखान्याचा गाळ, मुदत गेलेल्या गोळ्या, रंगाचे डब्बे, जे कोनालेच आपल्या गावात नोको असते ते सारं ट्रकात बसून आमच्याकडं येते आन् जळते. पाव्हन्याईची एवढी सोय दुसऱ्या कोन्या गावात नसन.

माह्या पोरीचा बाप तथीच कामाले हाय. काळ्या पावडरीच्या थैल्या उचलायच्या आन् मशीनच्या तोंडात ओतायच्या, हे त्याचं काम. कोळशाची पावडर, पीठावानी बारीक. ते धुरात फुकतात. ते पावडर धुरातला पारा धरते, आन् पुढं मोठाल्या कापडी पिशव्या लावेल हाय त्याच्यात अडकते, आन् धूर सोवळा होऊन वर जाते. हे मले लग्न झालं तवा माईत नव्हतं. मी आठवीतून शाळा सोडली, मले वाटे भट्टीवरचा मानूस काळाच होत असन.

पन रोज नाई होत तो काळा. थैल्या महाग असते, तं साहेब म्हनते बेतानं ओत. तपासनीवाल्यांची गाडी येनार असली का मंग सकाळपासून ओत बाप्पा ओत. त्या दिवशी घरी येते तं नाक, कान, पापन्या, सारं काळं, फक्त दात पांढरे. त्याचं तोंड पाहूनच मी समजून जातो का आज सरकार येऊन गेलं.

तं त्या भट्टीनं समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला, जनजागृतीचा. समोसा आन् पान्याची बाटली भेटनार म्हनून सारं गाव जागृत व्हाले आलं. मी बी गेली, सासू बी आली. पोरगी दीड वर्साची, अजून अंगावर पिते, पदराखाली घेऊन बसली.

साहेब पडद्यावर चित्रं दाखवे आन् रेडिओवानी बोले. म्हने, "ताई, दादा, लक्षात घ्या, पारा जळत नाही. लाकूड जळलं की राख होते. पारा तापला की त्याची वाफ होते, ती चिमणीतून वर जाते, हवेत फिरते आणि कुठंतरी खाली उतरते. पाण्यात, माशात, तिथून माणसात. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. मूल उशिरा बोलतं, हात थरथरतात. आई अंगावर पाजत असेल तर दुधातूनही जाऊ शकतो."

मी तथीच पोरीच्या तोंडातून दूध काढून घेतलं. ते अशी केकाटली का पडद्यावरचं चित्र सोडून सारे माह्याकडं पाह्यले लागले.

मंग साहेबानं हिरव्या पानाचं चित्र लावलं. म्हने, आमी पह्यले कचऱ्यातून जुने थर्मामीटर, बीपीच्या मशीनी, ट्यूबलाईट, सारं पाऱ्याचं येगळं काढतो. मंग उरलेलं जाळतो. मंग पावडर, मंग पिशव्या, मंग धूर पान्यानं धुतो. "आमच्याकडून पाऱ्याचा एक थेंबही बाहेर जात नाही." टाळ्या वाजल्या. ज्यांचे पोट्टे भट्टीत कामाले हाय त्याईनं पह्यले वाजवल्या, बाकीच्याईनं समोश्यासाठी.

मी उभी राह्यली. म्हणलं, "साहेब, माही पोरगी अजून बोलत नाई. आई म्हनते आन् भूर म्हनते, बस."

मांगून शेजारीन बोलली, "अवं, तू एकटी दोघींचं बोलून राह्यली, तिले चान्स कवा भेटन?"

सारं समाजमंदिर हासलं. साहेब बी हासला. म्हने, "ताई, घाबरू नका, गेटवर बोर्ड लावलाय, चोवीस तास आकडे दिसतात." आता तो बोर्ड आमी रोजच पाह्यतो. उन्हात त्याच्यावर काईच दिसत नाई, आन् रातच्याले अर्धे दिवे लागत नाई. जे लागते ते हिरवे लागते.

घरी आलो. सासूनं पदरात बांधून आनलेला समोसा सोडला आन् म्हने, "बाप्पा, पारा इतका वाईट असते? मंग गव्हात कायले टाकतात लोकं?"

"कोनत्या गव्हात, आत्याबाई?"

"आपल्याच. कोठीत."

मले काई समजेच ना. मंग तिनं सांगतलं. गहू आला का वर्साचा गहू पत्र्याच्या कोठीत भरतात. सोंडे लागू नये म्हनून गवरीच्या राखेत पारा घोटायचा, राख करडी होतवरी, आन् ते राख गव्हात कालवायची. तिची माय करे, तिच्या मायची माय करे. बजारात पाऱ्याच्या गोळ्या भेटतात पन आजकाल त्याच्यात माती निंगते. म्हनून यंदा पोरानं असली आनून देल्ला. कुठून? भट्टीतून.

आता पाहा कसं हाय. थर्मामीटर येगळे काढतात, हे साहेब खरंच बोलला. त्यातला पारा प्लास्टिकच्या बालटीत पानी टाकून एका खोलीत ठेवतात. तो नेनारी गाडी कुठून तरी येनार असते, ते काई येत नाई. आन् कामावरच्या एकेकाले घरून मायचा निरोप, "बापू, थोडासा पारा आनजो." मंग औषधाच्या शिशीत घेतात, शिशी जेवनाच्या डब्ब्यात, डब्बा गेटाबाहेर. गेटवाला डब्बा उघडून पाह्यते, पन भंगार चोरलं का म्हनून पाह्यते. भाजीखाली कोन हात घालन? चिमनीतून एक थेंब जाऊ नये म्हनून एवढ्या मशीनी लावल्या, आन् गेटातून तो सायकलीवर बसून गावात आला. अर्ध्या गावाच्या कोठीत. आन् साऱ्यांच्या माया खुश, का पोरगा कंपनीत लागल्याचा काईतरी फायदा झाला.

मी हे आयकून राह्यली होती तवा पोरगी मांडीवर नव्हती. कोठीले खाली गहू काढाचं तोंड असते, ते तथी बसली होती. तिचा तो खेळच हाय. तोंडाची झाकनी सरकवते, मूठभर गहू पाडते आन् कच्चाच चावत बसते. इतके दिवस आमी म्हनत होतो, पाहा कशी शेतकऱ्याची पोट्टी हाय.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. गहू निंगाले, ओठाले करडी राख. बोट फिरवून फिरवून काढलं, तिनं मले कडकडून चावलं. मी कोठीचं तोंड पुरं उघडलं, तं राखेसंग पाऱ्याचे दोन-चार मनी जमिनीवर पडले आन् पळाले. चकचकीत. पोरगी रडनं सोडून ते धराले धावली.

सासू म्हने, "एवढं काय झालं वं? गहू चाळून घेतो, धुऊन घेतो, मंगच दळतो. आजवर कोन मेलं?"

माह्या तोंडातून निंगून गेलं, "आत्याबाई, मंग तुमचे हात काऊन थरथरते?"

खरंच थरथरते. चहा गाळते तं अर्धा ओट्यावर. साऱ्याईनं म्हटलं म्हातारपन. पन माही सासू पन्नाशीची बी नाई. तिनं आपल्या हाताकडं पाह्यलं आन् हात पदराखाली घेतले. मले वाटलं आता रडन. पन नाई, उठली, झाडनी आनली, राख आन् मनी सुपलीत भरले आन् चुलीकडं निंगाली. चूल पेटेल होती, आंघोळीचं पानी होतं तिच्यावर.

"चुलीत नोका टाकू!" मी इतक्या जोरानं वरडली का शेजारीन दारात आली.

"काऊन? राखच हाय ना. राख चुलीतच जाते."

"अवं आत्याबाई, पारा जळत नाई! वाफ होते! त्याईच्याकडं चिमनी हाय, पावडर हाय, पिशव्या हाय. आपल्याकडं काय हाय? हे पोरगी हाय आन् तिचं नाक हाय!"

सुपली अधांतरीच राह्यली. तेवढ्यात नवरा आला. सासू म्हने, "ये बापू. तू तथी भट्टीत कामाले जातं, अथी तुह्या बायकोनं घरातच भट्टी उघडली."

त्याले सारं सांगतलं तं त्याचं तोंड पावडरीशिवाय काळं पडलं. म्हने, "कोनाले सांगू नोको. साहेबाले समजलं का मी आनला, तं नोकरी गेली."

"आन् पोरीले काई झालं तं?"

त्यानंच मंग खाली बसून कागदाच्या तुकड्यानं एकेक मनी जमा केला आन् शिशीत भरला. सारे दारं-खिडक्या उघडे टाकले. पोरीले शेजारनीकडं झोपवलं.

सकाळी मी शिशी, ते राख आन् कोठीच्या बुडाचा गहू एका डब्ब्यात भरला, झाकन पक्कं लावलं, डोक्यावर घेतला आन् भट्टीच्या गेटावर गेली. दुसरीकडं कुठं जानार? नालीत टाकलं तं नदीत जाते, उकिरड्यावर टाकलं तं कोंबड्या खाते. पारा कसा ठेवाव हे ज्याईले समजते म्हनतात ते तेच हाय ना.

गेटवाला म्हने, "काय आनलं, बाई?"

"पारा."

"कोन्या कंपनीचा?"

"घरचा."

"घरचा नाई घेत. कारखान्याचा पायजे. कागद पायजे, गाडी पायजे, गाडीवर कवटी काढेल पायजे."

"डोक्यावर आनला ना भाऊ. माहीच कवटी समज."

तो हासला पन फाटक उघडलं नाई. दूरदूरच्या जिल्ह्यातलं जहर घेनारी कंपनी, तिले आमच्या गावचा एक डब्बा जड झाला. मी तथीच बसली. ट्रक येऊन राह्यले, माह्या बाजूनं आत जाऊन राह्यले. शेवटी साहेबाची गाडी आली आन् मी मधात उभी झाली. साहेबानं डब्ब्यात पाह्यलं आन् त्याचं रेडिओवानी बोलनं बंद झालं.

"ताई, हा पारा तुमच्याकडं कुठून आला?"

नवऱ्याचं नाव सांगतलं तं नोकरी गेली. नाई सांगतलं तं डब्बा परत घरी, पोरीजवळ. काय बोलाव हे मी ठरवलंच नव्हतं, तोंडातून आपसुकच निंगालं.

"साहेब, तुमीच तं सांगतलं. चिमनीतून वर जाते आन् कुठंतरी खाली उतरते. आमच्या कोठीत उतरला."

"शक्यच नाही! आमच्या चिमणीतून एक थेंबही..."

"मंग गेटातून आला असन."

साहेबानं गेटवाल्याकडं पाह्यलं. गेटवाल्यानं आभाळाकडं पाह्यलं. चिमनी गळते म्हनाव तं सरकारचं भेव, गेट गळते म्हनाव तं मालकाचं. साहेब हळूच म्हने, "ठेवा तिथं. आणि बाहेर बोलू नका."

"मी कायले बोलतो, साहेब? फक्त गेट उघडं ठेवजा. गावात अजून लई कोठ्या हाय."

शेजारनीच्या तोंडून गावात समजलं, मंग बाया आल्या. कोनी डब्बा, कोनी शिशी, एक म्हातारी तं देव्हाऱ्यातली पाऱ्याची पिंड घेऊन आली. गेटवाल्यानं इचारलं का साऱ्या एकच सांगे, आभाळातून पडला. साहेबानं गेटाजवळ एक निळा ड्रम ठेवला आन् त्याच्यावर कवटी काढून घेतली. त्या ड्रमाचं पुढं काय होते ते मले माईत नाई.

नवरा काई दिवस रोज काळा होऊन आला. मी पह्यले त्याच्या कपड्यासाठी किरकिर करो, पन तवा तो काळा आला का माहा जीव भांड्यात पडे. मंग एक दिवस गोराच आला. म्हणलं, काऊन? तं म्हने, "साहेब म्हनते, बेतानं."

पोरीले घेऊन मी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टर पोट्टासाच होता. त्यानं दोनदा इचारलं, "पारा? गव्हात?" आन् दुसऱ्या डॉक्टरले बोलावून मलेच परत सांगाले लावलं, जशी मी काई तमाशा घेऊन आली. मंग मातर नीट बोलला. पोटात गेलेला थेंब बहुतेक तसाच निंगून जाते म्हने, वाफ नाकात जाते ते वाईट. दूध बंद करू नोका. पोरीचं रगत घेतलं, ते नागपूरले जाईन, मंग समजन. तवरोक चालते कशी, बोलते कशी ते पाहा, आन् हात थरथरते का ते पाहा.

येताना एसटीत पोरगी मांडीवर बसली आन् मी तिचे हात पाह्यले. थरथरून राह्यले होते! मंग पाह्यलं तं बाजूच्या बुढ्याचे बी थरथरत होते. कंडक्टरचे बी. खिडकीच्या काचा, वरच्या दांड्या, बुढ्याची टोपी, सारी एसटीच थरथरत होती. रस्ता तसा, गाडी तशी, आन् डॉक्टरनं मले सांगतलं हात पाह्यजा.

कारंजाले गाडी थांबली, पन इंजिन चालूच. मी पुढं जाऊन ड्रायव्हरले म्हणलं, "भाऊ, जरासंक इंजिन बंद करता का? पोरीचे हात पाह्याचे हाय."

तो म्हने, "बंद केलं तं परत चालू नाई होनार. धक्का तुमी मारसान का, बाई?"

सारी गाडी हासली. मी उतरली. धुळीत बाजूले उभी राह्यली, गाडी जाऊ देल्ली, ट्रक बी जाऊ देल्ले. मंग पोरीचे दोन्ही हात माह्या तळहातावर ठेवले आन् पाह्यले. ते अजून थरथरत होते. पन आता खालचे माहेच हात थिर राहत नव्हते, तं तिचे किती आन् माहे किती, मले काईच समजे ना.