‘उलटला’ म्हणणाऱ्या डॉक्टरला
आमच्या डॉक्टरने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्याची बाजू घ्यायला नको.

ताई अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहायची. मी उल्हासनगरात परकर शिवून विकायचे. फूटपाथवरून गाळ्यापर्यंत माझी मी आले. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास कॅन्सरमुळे ताईचा डावा स्तन काढला. सात वर्षं ती ठणठणीत होती. मग उजवीकडे गाठ लागली. डॉक्टरने बोटांनी चाचपली आणि म्हणाला, “उलटला.” संपलं. तुकडा तपासायला पाठवणं वगैरे काही नाही.

आमच्यात कावीळ उलटते, ताप उलटतो, आणि उलटला की पहिला प्रश्न: काय खाल्लंस? ताईची सासू लगेच म्हणाली, “सुकट! सांगत होते ना, जीभ आवर.” ताईला ते पटलं. पथ्य आपणच मोडलं, आता कशाला कापाकापी, म्हणून ती मुगाच्या पाण्यावर बसली. मला कुणी कळवलंही नाही. चार महिन्यांनी मी सहज गेले, तेव्हा ती अर्धी झाली होती.

परत आलेला परकर मी शिलाई बघितल्याशिवाय घेत नाही. दुसऱ्याचा माल माझ्या गळ्यात मारणारे थोडे नाहीत. डावीकडचा रोग सात वर्षांनी उजवीकडे निघाला, आणि तो तोच आहे हे नुसत्या बोटांना कळलं? मी तडक दवाखाना गाठला.

“तोच आहे कशावरून?”

“बाई, कॅन्सर आहे, परतणारच.”

“तपासलंत?”

“तुम्ही परकर विका. नाडी कुठे ओवायची ते मी सांगतो का तुम्हाला?”

“नाडी बघणं तुमचं काम, म्हणून तर विचारतेय!”

बाकावरचे पेशंट हसले. त्याने पुढचा नंबर पुकारला.

मी ताईला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. जुन्या ऑपरेशनात काढलेल्या गाठीच्या काचपट्ट्या भांडून मिळवल्या. नवा तुकडा तपासून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा जुना नाही, नवा कॅन्सर आहे.” माझा विश्वास बसला नाही. ऑपरेशनला तयार करायला गोड बोलत असतील. “मला दाखवा,” म्हटलं. त्यांनी खरंच दुर्बिणीपाशी बसवलं. जुन्या काचेवर टाके घातल्यासारखे ठिपके एका रांगेत. नव्या काचेवर गोल गोल काजं. शिलाईच वेगळी.

“दुसऱ्या बाजूचा बहुतेक वेळा नवाच असतो,” त्या म्हणाल्या, “पण तपासल्याशिवाय म्हणायचं नाही. अंगात इतरत्र काही दिसत नाही. काखेतल्या गाठींपर्यंत मात्र पोचलाय.”

“चार महिन्यांपूर्वी पोचला होता?”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

ताईला मी बाहेर येऊन सांगितलं.

“म्हणजे सुकटीने नाही झालं?”

“नाही गं.”

तेव्हा ती रडली. गाठ लागल्यापासून पहिल्यांदा.

ऑपरेशन झालं, औषधं झाली. तीन वर्षांनी ताई गेली. आमच्या त्या डॉक्टरने आता बदलापूरला कात्रपमध्ये दुसरा दवाखाना टाकलाय, पाटी दुरून दिसते.

डॉक्टर, तपासलं नव्हतं तर ‘माहीत नाही’ एवढंच का नाही म्हणालात? ताई त्या चार महिन्यांत उपाशी बसली ती तुमच्या शब्दावर. माझ्यासमोर बसा आणि उत्तर द्या.