तिला उचलवेल एवढी सायकल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात भाजी निवडत बसले होते. "शैला, दादा गेले गं तुझे... जेवून पडले, ते उठलेच न्हाईत." त्याच्या दुखण्यानं आम्ही सगळेच इतके थकलो होतो की रडूसुद्धा उशिरानं आलं.

भूपालदादा माझा थोरला भाऊ. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला आणि सांगलीत नदीजवळच्या घरात राहिला. बाबांची जुनी विलायती सायकल त्यानं जपली होती. मागच्या चाकाच्या मधोमध तीन गिअरचा डबा, बाकी सगळं लोखंड, रेड्यासारखी जड. महापुरात ती तळमजल्यावर बुडाली. चिखलातून काढून त्यानं ती पुसली, तेलपाणी केलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी खांद्यावर घेऊन माडीवर ठेवू लागला. भर उन्हाळ्यातसुद्धा. मग हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली. वहिनी म्हणाली, "आवं, राहू दे की ती खालीच." "आणि परत पाणी आलं तर?" एवढंच तो म्हणाला, आणि सायकलच हलकी करायला बसला.

आधी कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर उतरलं. लोखंडी मडगार्ड जाऊन प्लॅस्टिकचे आले, स्प्रिंगांची सीट जाऊन पातळ सीट आली. लोखंडी रिमांच्या जागी ॲल्युमिनियमच्या हव्या होत्या, पण मागच्या चाकाला चाळीस तारा, तेवढ्या भोकांची रिम मिळता मिळेना. साताऱ्यातली दुकानं पालथी घालून शेवटी शिरवळला एक सापडली. ती घेऊन मी एसटीनं सांगलीला पोचले तेव्हा मिस्त्री त्याला समजावत होता, "सर, ह्यो गिअरचा डबाच काढा. लय जड हाय. साधं चाक बसवू." दादा म्हणाला, "मग बाबांचं राहिलं काय रं हिच्यात?" तेवढ्या बोलण्यानंही त्याला धाप लागली.

शेवटी भेटले तेव्हा तो पायरीवर बसून हँडल बदलत होता. जिना आता त्याला नुसता चढणंही जमत नव्हतं. मी वैतागले. "दादा, पुरे कर की. तू चालवणार न्हाईस, उचलणार न्हाईस. कुणासाठी चाललंय हे?" त्यानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. आत वहिनी भाकऱ्या थापत होती. "तिला उचलाय यावी एवढी करतोय... मी नसलो तर पाण्यात राहील की गं."

दुखवटा संपल्यावरही मी काही दिवस तिथंच राहिले. परवा संध्याकाळी वहिनीनं पदर खोचला, सायकल उचलली आणि जिना चढू लागली. निम्म्यावर कठड्याला टेकून थांबली.

"जड होतीय का?" मी खालून विचारलं.

"न्हाई गं. लय हलकी केलीया त्यांनी... मीच दमलेय."

मी वर जाऊन मागचं चाक धरलं. दोघींनी मिळून ती माडीवर नेली, त्याच्या कधीच्या रिकाम्या खाटेशेजारी भिंतीला टेकवली. वहिनी खाटेच्या कडेवर बसली, मीही बसले. खालून दूध उतू गेल्याचा वास आला, तरी दोघींतलं कुणी उठलं नाही.