रेडिओत लावलेलं लगीन

थांबा, हे आत्ताच सांगते, न्हाईतर माझं पोट दुखंल! ताडकळसच्या बाजारात आमच्या दुकानाशेजारी रेडिओ दुरुस्तीवाले काका बसतात. पार्ट तापला का बघायला ते बोट न्हाई, गाल लावतात. त्यांनी कुठंतरी वाचलं, की परदेशात सिलिकॉनमधी जर्मेनियम मिसळून त्याचा थर देतात, मग ट्रान्झिस्टर, म्हंजी रेडिओच्या पोटातला तो बारका पार्ट, लय जलद चालतो. तवापासून ज्याला त्याला एकच सांगायलेत, "सिलिकॉन शांत, जर्मेनियम चपळ. लगीन लावून द्यायचं!"

काल खरंच लावलं. एका मेंढपाळ मामाच्या रेडिओत दोन्ही जातींचे ट्रान्झिस्टर एकावर एक चिकटवले. रेडिओ मुकाच झाला.

"लगीन लावलं का मयत केलं?" मामा भडकले. मग हळूच म्हणले, "रानात मह्याशी बोलणारं तेवढंच होतं वो."

काकांनी दिवसभर वाजणारा स्वतःचा रेडिओ फळीवरून काढला अन् त्यांच्या हातात ठेवला. मामा गेले. मला वाटलं, काका आता रडतेत का काय!

"थर पातळ पायजे होता," ते म्हणले, "मह्याकडून जाड झाला."

मला हसूच आलं न्हाई. तुमच्याबी शेजारी हाय का असं कुणी, ज्याच्यावर चिडताच येत न्हाई?