कार्डबोर्डचं आंब्याचं झाड

मंडणगड तालुक्यातल्या एका डोंगरवाडीवरच्या शाळेत मी शिकवत होते. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली ते तिसरी माझ्याकडे, चौथी-पाचवी मुख्याध्यापकांकडे. पोरं वाचायला कशी शिकतात हे मला बऱ्यापैकी माहीत होतं. पोर रोज शेजारी बसवायचं, ते अडखळलं की थांबायचं, चुकलं की पुन्हा वाचून घ्यायचं. वेळखाऊ काम. त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून साहेबलोकांना ते काम वाटत नाही.

आमच्या केंद्रप्रमुखांना एकदा कल्पना सुचली. त्यांना कल्पना सुचल्या की आम्हाला पुठ्ठा विकत आणावा लागे. या वेळी त्यांनी वर्गाच्या भिंतीवर आंब्याचं झाड लावायला सांगितलं. प्रत्येक मुलाच्या फोटोचा एक आंबा. मूल नुसती अक्षरं ओळखत असेल तर हिरवी कैरी, शब्द वाचत असेल तर पाडाचा आंबा आणि गोष्ट वाचत असेल तर पिवळाजर्द हापूस. "वाचनाची प्रगती एका नजरेत दिसली पाहिजे, मॅडम," ते म्हणाले. शिवाय तीच माहिती मोबाईलमधल्या ॲपवरही भरायची होती. म्हणजे मुलांचं वाचन ऐकायला जो वेळ होता, तो मी कात्री आणि डिंकात घालवू लागले.

आठवड्याभरात तिसरीतल्या एका मुलीचं नाव 'कैरी' पडलं. तिचे वडील मुंबईला कामाला, घरी आई आणि शेती. मुलगी हळू वाचायची, पण मन लावून वाचायची. एक शब्द नीट लागल्याशिवाय पुढच्या शब्दावर जायची नाही. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती "कैरी, मीठ लाव, तिखट लाव" करत नाचायची. तिने शाळेत यायचं बंद केलं.

तिची आई शाळेत आली, पण आत यायला तयार होईना. दारातूनच तिने भिंतीकडे पाहिलं.

"बाई, माजी पोर घरी रडते. म्हनते, मी आंबट हाय. असा कसा ओ अभ्यास?"

मी तिच्यासमोरच ती कैरी काढली, आणि मग बाकीची फळंही उतरवली. पोरगी दुसऱ्या दिवशी आली. पण मुख्याध्यापक घाबरट माणूस. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा त्यांनी आदल्या संध्याकाळी स्वतः बसून सगळे आंबे परत चिकटवले. सगळे पिवळे. एकही मूल न वाचता अख्खी शाळा हापूस झाली. आमच्याकडे बाजार लवकर गाठायला कच्चा आंबा पावडर मारून पिवळा करतात, त्यालाही याहून जास्त वेळ लागतो.

"अहो सर, हे खोटं आहे," मी म्हटलं.

"साहेब झाड बघतील, फोटो काढतील आणि जातील. तुम्ही उगाच तोंड उघडू नका. आणि त्या मुलीला उद्या घरीच राहू दे."

मी मुलीला घरी राहायला सांगितलं नाही.

साहेब आले. सोबत केंद्रप्रमुख, पुढे हार, मागे शहाळी. तपासणीसाठी मुख्याध्यापकांनी आपल्या वर्गातला सगळ्यात धीट मुलगा उभा केला आणि त्याच्या हातात पोपटाच्या गोष्टीचा कागद दिला. तोच कागद वर्षभर प्रत्येक तपासणीला चालत होता. मुलगा खणखणीत आवाजात म्हणू लागला, "एक होता पोपट. तो रोज पेरूच्या झाडावर यायचा…" त्याची नजर खिडकीबाहेर होती. मी पुढे झाले, त्याच्या हातातला कागद काढून उलटा करून परत दिला. पोपट न थांबता पेरू खात राहिला.

"साहेब, कागद उलटा आहे," मी म्हटलं.

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "असू दे हो मॅडम. आत्मविश्वास बघा त्याचा!"

केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोराचा काही दोष नव्हता, त्याला जे शिकवलं ते तो चोख करत होता.

मी माझ्या वर्गातल्या त्या 'कैरी'ला पुढे बोलावलं आणि तिने कधीच न पाहिलेली एक गोष्ट तिच्या हातात दिली. ती वाचू लागली. "ओ…ढ्या…च्या, ओढ्याच्या काठी एक…" पहिलं वाक्य संपायच्या आत साहेबांनी मोबाईलवर बोट दाबलं. हापूस.

"छान, बस खाली."

"माझं झालं नाही अजून," ती म्हणाली.

कोणी काही बोलायच्या आत तिने दुसरं वाक्य धरलं. साहेब उठले. केंद्रप्रमुखांनी शहाळं पुढे केलं. माणसं व्हरांड्यात गेली, फोटो निघाले, गाडी सुरू झाली. पोरगी वाचतच होती. मी तिच्याजवळ बसून शेवटपर्यंत ऐकलं. दोन जागी ती चुकली आणि दोन्ही वेळा स्वतःच मागे जाऊन दुरुस्त केलं.

पुढे केंद्रप्रमुखांचा तालुक्याला सत्कार झाला. माझ्याकडे मात्र पाहुण्यांसमोर अशोभनीय वर्तन केल्याबद्दल खुलासा मागितला. मी लिहून दिलं की कागद उलटा होता आणि तो सुलटा करायची कोणाला गरज वाटली नाही. त्यावर उत्तर आलं नाही. अशा गोष्टींना उत्तर द्यायचं तर आधी वाचावं लागतं.

ती मुलगी चौथीत गेली. मुख्याध्यापकांच्या वर्गात बसायची, पण शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन माझ्याकडे यायची. दिवाळीपर्यंत ती गोष्टीची पुस्तकं सरळ वाचू लागली. न कळलेला शब्द आला की बोट ठेवून अर्थ विचारायची. त्याच सुमारास ॲपवर सूचना आली. ती गेल्या वर्षी हापूस होती, याही वर्षी हापूसच, म्हणून तिच्या नावापुढे लाल अक्षरात आलं होतं : 'प्रगती नाही. विशेष प्रयत्न करावेत.'

मुख्याध्यापक ती सूचना घेऊन धावत माझ्याकडे आले. "आता हिचं काय करायचं हो?"

मी व्हरांड्याकडे बोट दाखवलं. ती पहिलीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवत होती आणि मध्ये मध्ये दरडावत होती, "गप बसा रे, नायतर वाचनार नाय मी."

मुख्याध्यापकांनी तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण ॲपवर काय भरू?"