मुरमाची पिशवी

आमचा जालना जिल्हा एका दिवसात दोन देश दाखवतो. वर भोकरदनकडे अजिंठ्याच्या डोंगरांचं शेपूट आणि बरड (खडकाळ, पाणी न धरणारी जमीन). खाली गोदावरीकडे काळं रान आणि ऊस. मी वरचा, बायको खालची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी ती आमच्या शेताला 'दगड'च म्हणते.

नवरात्रात घटाला माती तिला माहेरचीच लागते. दरवर्षी आम्ही दोघं जाऊन आणायचो. गेल्या दिवाळीत सासूबाई वारल्या, तेव्हापासून मात्र ती तिकडे फिरकली नाही. "आई न्हाई, मंग कोण वाट बघून राह्यलं माझी?" म्हणाली आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

मोटरसायकलवर एकटाच निघालो. जालन्यात मस्तगडला चहा घेतला. हॉटेलवाल्या चाचांनी कुठे निघालो ते विचारलं.

"माती आणायला वडीगोद्रीला? जालन्याकी माती खतम हो गयी क्या?"

मी चहा संपवला.

अंबड ओलांडलं तशी जमीन काळी होत गेली. अंकुशनगरच्या बाजूला दुतर्फा इतका ऊस, की आभाळाची नुसती पट्टी उरली. वडीगोद्रीला मेहुण्याच्या शेतात आदल्या दिवशीच पाऊस झाला होता. दहा पावलांत दोन्ही पायांना किलो किलो जमीन चिकटली, अकराव्याला डावी चप्पल आतच राहिली. आमच्या बरडात चप्पल झिजते, पण घरी परत येते.

मेहुण्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, माती भरून दिली, मेहुण्याची चप्पल दिली आणि गाडीकडे बघितलं.

"दाजी, मुरूम कुठंय?"

"कसला मुरूम?"

"तुमच्या रानातला. ताई दरसाली आणत्यात की! नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून आमचा घट कुजतोय. आत्याबाई (सासूबाई) चार मुठी मुरूम मिसळायच्या. मी वाट बघून राह्यले ना."

सव्वीस वर्षं बायको माहेरी जाताना मांडीवर एक जड पिशवी धरून मागे बसायची. मला ती लाडवांची वाटायची. त्यातला एकही कधी मिळाला नाही, म्हणून मी मनातून रुसलोही होतो.

संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगितलं.

"वहिनीनं मागितला?" बायकोनं विचारलं.

"हो."

"स्वतःहून?"

"हो म्हणलं ना."

ती घमेलं घेऊन शेताकडे गेली. मला फार बरं वाटलं, तिच्यासाठी आणि थोडं शेतासाठीही.

सकाळी उठून बघतो, तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीजवळ उभी, हातात तीच जड पिशवी.

"जल्दी आवरा," म्हणाली. "वहिनी वाट बघून राह्यली आसंल माझी."